शटरवरचं बोट कोणाचं?

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की कन्हान, मनसर, देवलापार अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि पुढे जंगलाच्या पट्ट्यात रस्ता अधूनमधून उंचावतो. गाडीत बसलेल्याला तो साधा पूल वाटतो. खाली नदी आहे का, रेल्वे आहे का, हे बघायच्या आत गाडी पुढे निघून गेलेली असते. त्यातल्या बऱ्याच पुलांखाली नदीही नाही आणि रेल्वेही नाही. खाली पेंचचं जंगल सलग चालू राहावं म्हणून मोकळी सोडलेली जमीन आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ चं चौपदरीकरण झालं तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना रस्ता ओलांडण्यासाठी अशा नऊ जागा ठेवल्या गेल्या. काही जेमतेम ५० मीटर रुंद, सर्वांत मोठी ७५० मीटर. जनावरं त्यांचा वापर करतात की नाही हे बघायला २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. त्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी आले. चितळ आले, रानडुकरं आली, रानकुत्री आली आणि वाघही आले.

त्यातलं एखादं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. डोक्यावर काँक्रीटचं छत, त्यावरून धडधडत जाणारे ट्रक, खाली धुळीत पावलं उमटवत चाललेला वाघ. वर कोणाला खालचा पत्ता नाही. आणि त्या क्षणी तिथे फोटो काढणारंही कोणी नाही. जंगलात रात्री दोन वाजता एक यंत्र खांबाला बांधलेलं आहे, एवढंच.

मग हा फोटो काढला कोणी? ज्याने यंत्र बांधलं त्याने? यंत्राने? की समोरून चालत जाऊन, स्वतःच्या अंगाच्या उबेने शटर उघडायला लावणाऱ्या वाघाने?

हा प्रश्न मनात धरून मी आपल्या महाराष्ट्रातल्या अलीकडच्या छायाचित्रणाकडे पाहू लागले तेव्हा एक गोष्ट दिसली आणि ती पुन्हापुन्हा दिसत राहिली. नवी कल्पना लढवणाऱ्यांनी ती लेन्समध्ये किंवा महागड्या कॅमेऱ्यात शोधलेली नाही. त्यांनी शटरवरचं आपलं बोट उचललं, आणि फोटो कधी निघावा, कसा निघावा, त्यात काय असावं याचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दिला. कधी बिबट्याच्या हाती, कधी वारली चित्रकाराच्या, कधी मुखवटे घडवणाऱ्या घराण्याच्या, तर कधी डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाच्या.

आधी त्या जंगलातल्या यंत्राबद्दल, कारण ते समजलं की पुढचं चकित करणारं काम कळायला सोपं जातं.

कॅमेरा ट्रॅपच्या डब्यात उष्णता ओळखणारा एक सेन्सर असतो. त्याला आकृती दिसत नाही, रंग दिसत नाही. समोरच्या पट्ट्यात एका बाजूला अचानक वेगळ्या तापमानाचं काहीतरी सरकलं, एवढंच त्याला कळतं. मागच्या झाडोऱ्यापेक्षा ऊबदार असं काही हललं की तो कॅमेऱ्याला इशारा देतो. म्हणजे या यंत्राच्या लेखी वाघ हा उष्णतेचा सरकता डाग. विदर्भात याची गंमत आणखी पुढे जाते. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी जमीन, दगड, वाळलेलं गवत सगळंच असं तापतं की जनावराच्या अंगाची ऊब आणि आजूबाजूची ऊब यांच्यात फरकच उरत नाही, आणि यंत्र गोंधळू शकतं. आपल्या उन्हात वाघ कॅमेऱ्यापुरता अदृश्य होऊ शकतो, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

वाघांच्या मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एका कुशीचाच फोटो मिळाला तर दोन फोटोंतला वाघ एकच आहे की दोन वेगळे, हे सांगता येत नाही. २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो निघाले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यात वाघाचे फोटो होते ७६,६५१. हिशेब केला तर साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघ. बाकीच्यांत इतर जनावरं, गुरं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत. एवढ्या ढिगातून एका वर्षाहून मोठे २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखून काढले गेले, पट्ट्यांवर पट्टे जुळवून.

कल्पना मात्र आजची नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी हरणाच्या पायाला लागणारी दोरी कॅमेऱ्याला बांधून रात्रीचे फोटो मिळवले होते आणि १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ते छापले. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदूक बाजूला ठेवून वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि फोटो निघायचा. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ चं. ज्या काळात वाघासोबतचा साहेबाचा फोटो म्हणजे मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो, त्या काळात या माणसाने जिवंत वाघाला स्वतःचा फोटो स्वतः काढायला लावला.

आता मुंबईत जाऊ. छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी हेच तंत्र उचललं, पण त्यांना गणना करायची नव्हती. गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून वारली पाडे आहेत. रात्री बिबटे उद्यानातून उतरून पाड्यांतल्या बोळांतून फिरतात, भटकी कुत्री मिळतात म्हणून. खानोलकरांना जो फोटो हवा होता तो ‘बिबट्याचा फोटो’ नव्हता. माणसाच्या घराजवळून, माणसाला न घाबरवता, आपल्या कामाला निघालेला शेजारी त्यांना हवा होता.

अशा वेळी शटर दाबणारा बिबट्या असेल तर छायाचित्रकाराला काम काय उरतं? खूपच उरतं. आधी पाड्यातल्या लोकांना पटवणं. मग जागा निवडणं. मग उजेड. जंगलात फ्लॅश लखकन उडाला तरी चालतो, पण बोळात तसा झोत टाकला तर बोळ बोळासारखा दिसणार नाही. म्हणून त्यांनी फ्लॅश अशा बेताने लावले की एरवी त्या बोळात रात्री जसा उजेड असतो तसाच भासावा. आणि कॅमेऱ्याची जागा अशी ठरवली की बिबट्या आला तरी त्याने सगळी चौकट व्यापू नये. हा शेवटचा निर्णय मला फार मोठा वाटतो. बिबट्या आपल्याच पायांनी लेन्ससमोर येणार आहे, तरी त्याला लहान ठेवायचं, घरांना जागा द्यायची! बहुतेक जण नेमकं उलट करतील.

चार महिने ते थांबले. मग एका रात्री बिबट्या त्या बोळातून आला, कॅमेऱ्याच्या आवाजाकडे त्याने क्षणभर पाहिलं आणि घरांच्या कडेने पुढे निघून गेला. २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्या फोटोला शहरी विभागाचा पहिला पुरस्कार मिळाला. नाव होतं ‘द अ‍ॅली कॅट’.

त्या पाड्यांमध्ये बिबट्याला शत्रू मानत नाहीत. वारली लोकांचा वाघ्या देव आहे, वाघबारस आहे, वाघाची शिळा आहे. भिंतीवरच्या चित्रांत वाघ असतो. आणि वारली चित्रांचा विषय निघालाच आहे तर थेट डहाणूला जायला हवं, कारण माझ्या मते महाराष्ट्रात घडलेलं छायाचित्रणातलं सर्वांत धाडसी काम तिथलं आहे.

डहाणू तालुक्यात गंजाड नावाचं गाव आहे. जिव्या सोमा मशे याच गंजाडच्या कळंबीपाड्याचे. घराच्या भिंतीवरची वारली कला कागदावर आणून जगभर पोचवणारा हा माणूस, २०११ चे पद्मश्री. त्याच गावातले राजेश वांगड हेही वारली चित्रकार. दिल्लीत राहणाऱ्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या, वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना गावातल्या जागा दाखवायचे आणि त्या जागांच्या गोष्टी सांगायचे. कुठे देवीचं ठाणं आहे, कुठे लहानपणी काय घडलं, कुठे आधी जंगल होतं, कुठे दुष्काळात काय झालं. गिल यांनी त्या जागांचे कृष्णधवल फोटो काढले, बऱ्याच फोटोंत वांगड स्वतः त्या भूमीवर उभे किंवा बसलेले. फोटो तयार झाले तेव्हा गिल यांना जाणवलं की वांगड यांनी जे सांगितलं त्यातलं फोटोत काहीच नाही. डोंगर आहे, झाड आहे, माळ आहे, पण गोष्टी नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते करायला छायाचित्रकाराला छाती लागते. त्यांनी ते फोटो वांगड यांच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, यावर तुम्ही काढा.

वांगड यांनी शाईने, अतिशय बारीक रेषेत, त्या फोटोंवर चित्रं काढली. २०१३ पासून हे काम सुरू झालं. ‘फील्ड्स ऑफ साइट’ हे त्याचं नाव, आणि प्रत्येक चित्रावर दोघांची नावं.

यात काय घडलं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा एका डोळ्याने बघतो. तो एका ठिकाणी उभा असतो. जवळचं मोठं आणि दूरचं लहान दिसतं, क्षितिज असतं आणि क्षण एकच असतो, सेकंदाचा एखादा अंश. वारली चित्राला यातलं काहीच मान्य नाही. तिथे क्षितिज नसतं. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारी माणसं वरून बघितल्यासारखी गोल दिसतात, पण तीच माणसं एकेकटी बघाल तर समोरून दिसतात, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. पेरणी, कापणी, लग्न, मरण सगळं एकाच भिंतीवर एकाच वेळी चालू असतं. कोण आधी, कोण नंतर, कोण जवळ, कोण लांब याचा नियम निराळा. आता ही दुसरी नजर पहिल्या नजरेच्या अंगावर उतरते. फोटोतल्या मोकळ्या आभाळात देव भरतात. माळावर पूर्वीचं जंगल परत उगवतं, त्यात जनावरं हिंडतात. शहरं बांधणारी यंत्रं येतात, गिरण्या-कारखाने येतात. मधेच वांगड यांची पाठमोरी आकृती, कॅमेऱ्याने टिपलेली, हाडामांसाची, आणि तिच्याभोवती तिलाच आठवणारं, तिलाच माहीत असलेलं सगळं.

जवळ जाऊन बघितलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वांगड फोटोतल्या खऱ्या वस्तू झाकत नाहीत. झाडाच्या कडेने, डोंगराच्या उतारावरून, माळाच्या भेगांतून रेषा वाट काढत जाते. कुठे फोटोतली फांदी संपली आणि कुठे शाईची फांदी सुरू झाली हे शोधायला डोळा थांबवावा लागतो. भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने पांढरं काढणारी ही कला इथे उलटी होऊन काळ्या शाईने आली आहे आणि तरी तिचा श्वास तोच आहे.

एखाद्या आदिवासी पाड्यावर जाऊन ‘त्यांचे’ फोटो काढून आणायचे, ही परंपरा फोटोग्राफीइतकीच जुनी. इंग्रज राजवटीत तर जातीजमातींचे फोटो मोजमापाच्या पट्टीसारखे काढले गेले. नाव नाही, फक्त जमातीचं लेबल. त्या दीडशे वर्षांच्या सवयीला या दोघांनी किती शांतपणे उत्तर दिलं आहे! फोटोतला माणूस फोटोचा लेखक झाला.

गिल पुढे जव्हारला गेल्या. जव्हारच्या बाजूला कोकणा आणि वारली गावांत बोहाडा होतो. उन्हाळ्यात, रात्रभर, देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं निघतात. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, पिढीजात कारागिरांनी घडवलेले. सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू हे बंधू अशाच घराण्यातले. गिल यांनी २०१५ च्या सुमारास त्यांना एक विनंती केली. देव नको, राक्षस नको. आजच्या जगण्याचे मुखवटे करा. तुमच्या गावात, तुमच्या घरात जे आहे त्याचे.

कडू बंधूंनी आणि गावातल्या इतरांनी ते केले. माणसांच्या वेगवेगळ्या वयांचे आणि भावांचे मुखवटे झाले, पशुपक्ष्यांचे झाले, घरातल्या वस्तूंचेही झाले. मग ते घालून गावकरी आपापल्या ठिकाणी बसले, उभे राहिले. शेतात, पडवीत, दुकानात, दवाखान्यात. कोण कुठे बसणार, काय करणार, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही ती रंगीत मालिका. २०१७ मध्ये ती जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडली गेली आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस १ मध्ये.

त्या फोटोंत एक विचित्र जादू आहे. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, आणि म्हणून बाकीचं सगळं दिसू लागतं. बसण्याची ढब, हाताची घडी, पायातल्या चपला, साडीचा पदर, मागचा रंग उडालेला दरवाजा. चेहरा असला की आपण फक्त चेहऱ्याकडे बघतो. तो झाकला तर माणूस पुन्हा पूर्ण दिसतो.

आता यापुढचं पाऊल. बघणं हेच काढून घेतलं तर?

एव्हगेन बाव्चार हे मूळचे स्लोव्हेनियाचे, पॅरिसमध्ये स्थायिक झालेले छायाचित्रकार. बारा वर्षांचे होण्याआधी दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली आणि तरी त्यांनी आयुष्यभर फोटो काढले. त्यांच्या कामाने भारावून मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींना छायाचित्रण शिकवायला सुरुवात केली. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हे त्या उपक्रमाचं नाव.

पहिल्यांदा ऐकलं की दया येते, आणि ती दया हीच पहिली चूक असते. कारण पद्धत ऐकली की दया उडून जाते आणि कुतूहल उरतं. ऊन कुठल्या गालाला लागतंय यावरून प्रकाश कुठून येतो ते कळतं. समोरचा माणूस बोलला की त्याच्या आवाजावरून तो किती लांब आहे, बसला आहे की उभा आहे, याचा अंदाज येतो. भिंत हाताने चाचपता येते, झाडाच्या खोडाला हात लावून त्यापासून मागे पावलं मोजता येतात. कॅमेरा छातीशी धरला तर एक चौकट, कपाळाशी धरला तर दुसरी. म्हणजे डोळा जे काम एका झटक्यात उरकतो ते इथे कान, कातडी आणि पावलं मिळून सावकाश करतात. फोटो निघाल्यावर दुसरं कोणी तरी त्याचं वर्णन करून सांगतं, आणि त्या बोलण्यातून पुढचा फोटो सुचतो. प्रदर्शनांत हे फोटो उठावाच्या रूपातही ठेवले जातात, बोटांनी वाचता येतील असे, सोबत ब्रेल. इथे डोळस पाहुण्यालाही बोट लावून बघायची मुभा असते.

याच उपक्रमात तयार झालेल्या भावेश पटेल यांनी पुढे लक्सच्या जाहिरातीसाठी कतरिना कैफचे फोटो काढले. जिच्या दिसण्यावर सगळा देश बोलतो तिचा फोटो तिचा चेहरा कधी न पाहिलेल्या माणसाने काढावा, हे मला कुठल्याही तंत्राच्या करामतीपेक्षा मोठं वाटतं.

फोटोग्राफीतली आणखी एक समजूत अशी की फोटो म्हणजे एक क्षण. पुण्याच्या प्रथमेश जाजूने ती २०२१ च्या मे महिन्यात मोडून दाखवली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याने चंद्राचा एक फोटो तयार केला, पण त्यासाठी पन्नास हजारांहून अधिक फोटो घेतले. सगळी माहिती मिळून १८६ जीबी. असं का करायचं? कारण आपल्या आणि चंद्राच्या मधे हवा आहे, आणि ती सतत हलते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून लांब बघितलं की पलीकडचं जसं लहरतं, तसंच वरही चालू असतं. दुर्बिणीतून चंद्र बघितला की खड्ड्यांच्या कडा थरथरताना दिसतात. पण अधूनमधून, क्षणाच्या एखाद्या तुकड्यापुरती, हवा स्थिर होते. म्हणून चंद्राच्या लहानलहान भागांचं झपाट्याने चित्रण करायचं, हजारो चौकटींतून स्पष्ट तेवढ्या निवडायच्या, एकावर एक रचायच्या, आणि मग तुकडे जोडून अख्खा चंद्र उभा करायचा. पुढे रंग खुलवले की करडा वाटणारा चंद्र निळसर आणि तांबूस दिसू लागतो. ते रंग मनाने भरलेले नाहीत. चंद्राच्या जमिनीतच ते फिकट स्वरूपात असतात, टायटॅनियम जास्त असलेला खडक निळसर, कमी असलेला तांबूस. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाहीत एवढंच. जे दृश्य कोणत्याही एका क्षणी आकाशात नव्हतं, ते खरं आहे.

महागड्या कॅमेऱ्याचा मुद्दा वर आलाच आहे, तर इंद्रजीत खांबे यांचं काम मी थोडक्यातच सांगेन, कारण ते बघायचं आहे, वाचायचं नाही. कणकवलीचा माणूस, कुठल्या संस्थेत न शिकलेला. दशावतारातल्या कलावंतांच्या मागे रंगपटात, घरात, प्रवासात राहिला. खिशातल्या फोनवर काढलेले त्याचे फोटो ॲपलने जगापुढे ठेवले.

आणि मग सुधारक ओलवे. अकोल्याचे, आपल्या वऱ्हाडातले. त्यांच्याकडे वर सांगितलेलं काहीच नाही. ना सापळा, ना मुखवटा, ना शाई. शटरवर बोट त्यांचंच. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे कृष्णधवल फोटो बघताना मी वर मांडलेला सगळा मुद्दा क्षणभर डळमळतो. मग लक्षात येतं की इथेही काहीतरी दिलं गेलं आहे, आणि ते म्हणजे अंतर. मॅनहोलच्या तोंडाशी, कचऱ्याच्या गाडीत, घाणीत छातीपर्यंत उतरलेल्या माणसाच्या इतक्या जवळ लेन्स आहे की छायाचित्रकाराला नाक धरून लांब उभं राहता आलेलं नाही. या कामात पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ सगळे दलित. त्यांच्या घरात, त्यांच्या मुलाबाळांत, त्यांच्या दारूत आणि दुखण्यात ओलवे शिरले. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतो, दोन फोटो काढतो आणि निघतो. हे तसं घडलेलं नाही, ते फोटोंवरूनच कळतं. माणसं कॅमेऱ्याकडे बघतात ती ओळखीच्या नजरेने. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. मुंबई रोज त्या कामगारांच्या शेजारून जात होती. फोटो आले तेव्हा शहराला ते दिसले.

नागपुरात बसून हे लिहिताना माझ्या मनात तान्ह्या पोळ्याचा दिवस येतो. बाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात, काळी आणि पिवळी, शंभराहून अधिक वर्षांपासून. रोगराई आणि पीडा गावाबाहेर घेऊन जा, असं तिला साकडं घालतात. तिच्या मागोमाग बडगे, तेही पुतळेच, निघतात, आणि बडग्यांना विषयाचं बंधन नाही. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी ज्याचा लोकांना संताप आला त्याचा बडगा. कागद, बांबू, कापड, रंग. जव्हारच्या कारागिरांना जे करायला सांगावं लागलं ते आमच्या महाल-इतवारीतले कारागीर कोणी न सांगता दर वर्षी करत आले आहेत. जुन्या रूपात आजचा माणूस घालायचा.

त्या दिवशी नागपुरात कॅमेऱ्यांची कमी नसते. गच्च्यांवरून, खांबांवर चढून, आता ड्रोनमधूनही फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशीचे बरेचसे फोटो एकमेकांसारखे असतात: वरून दिसणारी गर्दी, मधे पिवळी मारबत. चांगले असतात. पण बडगा कोणी बांधला, त्याचं डोकं कोणाच्या अंगणात वाळत होतं, यंदाचा विषय कोणाच्या घरी बसून ठरला, हे त्यांत नसतं. ते फोटो श्रावणात काढायचे आहेत, मिरवणुकीच्या कितीतरी आधी, आणि बांबू चिरत बसलेल्या माणसाला विचारून, की हा बडगा जाळण्याआधी तुम्ही त्याला शहरात कुठे नेऊन उभा कराल? महापालिकेच्या दारात? मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत? झिरो माइलच्या खांबापाशी? त्याने जागा सांगावी, वेळ सांगावी, त्याने आणि त्याच्या पोरांनी बडगा तिथे न्यावा आणि मगच कॅमेरा बाहेर निघावा. आपल्या चित्रकला महाविद्यालयातून दर वर्षी मुलं शिकून बाहेर पडतात. प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे, आणि भाद्रपदाच्या आधी श्रावणाचा अख्खा महिना असतो.